संध्याकाळी न मिटणारं फूल

लिफ्टवाला पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा बूट दाराबाहेर काढून त्याने ते भिंतीशी सरळ लावून ठेवले आणि आत येऊन सगळ्यात आधी छताकडे पाहिलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पाहुणा घरात शिरला की माणसांकडे बघतो. छताकडे कोण बघतं? एक तर घर विकत घेणारा, नाहीतर फुकटात लाटणारा.

त्याच्या हातात छोटी कुंडी होती. कुंडीत मुठीएवढा गोल निवडुंग आणि त्याच्या डोक्यावर मधोमध एक गुलाबी फूल.

"ताई, हे तुम्हा दोघींसाठी," तो म्हणाला. "तुम्हाला अशा झाडांची फार आवड आहे असं कळलं."

"कुठून आणलंत?"

"आणलं म्हणजे, ते मी..."

"नर्सरीतून. दुसरीकडे कुठे मिळणार!" त्याचं वाक्य मीच पुरं केलं आणि चहा टाकायला आत गेले.

मी तयार शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवणाऱ्या बायकांच्या हातातून निघालेला माल माझ्या टेबलावर येतो. उसवलेली शिलाई, तिरकी कॉलर, काज वर आणि बटण खाली, सगळं मला लांबूनच दिसतं. दिसलं की मी तिथे लाल टिकली चिकटवते. पाठीमागे मला 'लालबाई' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापड्या. माझ्या हाताखालून गेलेला शर्ट आजवर कधी परत आलेला नाही.

घरात आम्ही दोघी बहिणीच. धाकटीला चिंगी म्हणतात, आणि कानामागचे केस पांढरे व्हायला लागले तरी ती चिंगीच आहे. आई गेली तेव्हा ती फ्रॉक घालत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, शाळेत तिच्या बाईंची बोलणी मी खाल्ली, आणि तिच्या मागे लागलेल्या माणसांना दरवाजाही मीच दाखवला. मागे एक विमा एजंट यायचा. बोलायला असा गोड की मुंग्या लागाव्यात. त्याच्या शर्टाचं एक बटण नंतर लावलेलं होतं, आतून गाठ मारून, दोरा व्यवस्थित गुंडाळून. एकट्या राहणाऱ्या पुरुषाला इतकं सुबक बटण लावता येतं? मी चौकशी केली. बायको निघाली, दोन मुलं निघाली. चिंगी त्यानंतर कितीतरी दिवस धड जेवली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिते.

तर हा लिफ्टवाला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. चिंगी भेटवस्तूंच्या दुकानात पॅकिंगला आहे, त्या इमारतीची लिफ्ट अडकली तेव्हा आत चिंगी होती आणि वरून आवाज देणारा हा. "घाबरू नका, मी आहे." बस्स. एवढ्या चार शब्दांवर आमची चिंगी विरघळली. मी तिला म्हटलं, "अगं, लिफ्टमध्ये अडकलेल्या प्रत्येकीला तो हेच म्हणत असणार. पगार घेतो त्याचा."

चहा झाल्यावर त्याने स्वतःचा कप उचलला, मोरीपाशी गेला आणि धुऊन पालथा घातला. पुन्हा पाल. नवीन घरात कप धुणारा पुरुष म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मग गॅलरीच्या दाराशी उभं राहून त्याने विचारलं, "ताई, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येतं?"

"का? रंग देणार आहात?"

तो हसला. चिंगी माझ्याकडे बघून डोळे वटारत होती.

गॅलरीत मी जाड पानांची झाडं लावते. बहुतेक गुलाबी फुलांची. कलांचोचे झुपके आहेत, लोंबत्या वेली आहेत ज्यांची फुलं ऊन आलं की उघडतात आणि गेलं की मिटतात, गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेली ती दिमाखदार झाडं आहेत ज्यांचा फुलांचा दांडा मान वाकवून बाहेर येतो. ही झाडं मला मानवतात, कारण त्यांना लाड चालत नाहीत. माती कमी, वाळू आणि विटेचा चुरा जास्त. पान तोडून लावायचं तर आधी ते तसंच सुकू द्यायचं, जखम भरली की मातीवर नुसतं ठेवायचं. पाणी देण्याआधी बोट खुपसून बघायचं, आणि ओलं वाटलं की आल्या पावली परत. लोक ही झाडं प्रेमाने मारतात. रोज पाणी घालतात, मुळं कुजतात, वरून झाड टवटवीत आणि आतून लगदा. मी त्यांच्यावर सतत संशय घेते म्हणून ती जगतात. पानांच्या बेचक्यात पांढरं काही दिसलं की पिठ्या ढेकूण समजायचं आणि कापूस घेऊन बसायचं. नसला तर उत्तम, असला तर सापडला.

एकदा मात्र मी फसले होते. बाजारातून एक निवडुंग आणला, डोक्यावर लालचुटूक फूल. आठवडे गेले, फूल तसंच. मी शेजारणींना बोलावून दाखवलं, "बघा, माझ्या हाताचा गुण!" एक दिवस पाणी घालताना फूल भिजलं आणि बाजूला कलंडलं. खाली वाळलेल्या गोंदाचा थेंब. विकणारे वाळकं फूल चिकटवून देतात, हे मला तेव्हा कळलं. आणि हे मला, लालबाईला! तो निवडुंग मी आजही ठेवलाय, गोंदाच्या डागासकट, आठवण म्हणून.

म्हणूनच लिफ्टवाला जिना उतरला असेल-नसेल तोच मी चिंगीला म्हटलं, "फूल चिकटवलेलं आहे."

"काय?"

"त्या निवडुंगावरचं. गोंदाने चिकटवतात. एक दिवस देठासकट तुझ्या हातात येईल, तेव्हा कळेल या माणसाची जात काय ते. जो फूल खोटं आणतो तो बाकी काय खरं आणणार आहे?"

"तू नीट बघितलंस तरी का?"

"मला बघावं लागत नाही."

चिंगीने कुंडी उचलली, स्वतःच्या खोलीच्या खिडकीत ठेवली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लागणं ही बोलण्याची एक पद्धत आहे. मीही मग भांडी जरा जोरात आपटली.

लग्नाची तारीख ठरवायला तो महिनाअखेरच्या रविवारी येणार होता. चिंगीने त्याला सांगून ठेवलं होतं, ताई हो म्हणाली तरच. म्हणजे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी हो म्हटलं असतं तर चिंगी जाणार. नाही म्हटलं असतं तर ती राहणार होती, माझ्यासमोर बसून गुपचूप जेवणार होती, आणि पुन्हा कुणाला घरी आणणार नव्हती. हे मला पुरतं कळत होतं. म्हणून तर मला पुरावा हवा होता.

पुढचे काही दिवस कारखान्यात मोठी ऑर्डर होती. मी घरी यायची ती अंधार पडल्यावर, जेवून आडवी व्हायची. चिंगीच्या खोलीत डोकावले नाही. मग एका संध्याकाळी आले तर कुंडी बाहेर, हॉलच्या फडताळावर, अगदी समोर. आणि फूल दिव्याच्या उजेडात चांगलं पसरलेलं.

"बघ," चिंगी म्हणाली. "अजून आहे. आलं का हातात?"

मी पिशवी खुंटीला अडकवली. पण आतून मला अशी काही उकळी फुटली म्हणून सांगू! अगं वेडे, निवडुंगाचं असलं फूल उन्हात उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. चार-पाच दिवस हा खेळ चालतो, मग ते गळतं. दिवेलागणीला इतकं तोंड वासून बसलेलं फूल निवडुंगाचं नसतंच. चोर आपल्या पायांनी चालत टेबलावर आला होता.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्या फडताळासमोरून जाताना एक नजर टाकायची. उघडंच. दुसऱ्या दिवशी उघडं, तिसऱ्या दिवशी उघडं. हात लावायचा मोह आवरला. शर्टातली चूक शिवणाऱ्या बाईसमोरच दाखवायची असते, नाहीतर ती म्हणते, तुमच्याच हातून उसवलं.

त्यातच चिंगीच्या बोटाला पट्टी दिसली.

"काय झालं?"

"कागदाने कापलं."

अनामिकेला! दुकानात बारा महिने कागद हाताळणारीला आत्ताच कागदाने कापावं? मी ताडलं. चोरून अंगठी घालून बघितली असणार, अडकली असणार, ओढून काढताना कातडं सोललं असणार. म्हणजे प्रकरण अंगठीपर्यंत गेलं आणि मला पत्ता नाही. माझं डोकं तापलं, पण मी तोंडावर बोट ठेवलं. रविवारी सगळं एकदमच काढायचं होतं.

रविवारी तो आला. बूट भिंतीला सरळ, नजर छताकडे. या वेळी मी विचारलंच, "आमच्या छतात काय शोधता हो तुम्ही?"

तो ओशाळला. "सवय आहे ताई. कुठेही शिरलो की वर बघतो. दिवसभर लिफ्टच्या खाली-वर काम, डोक्यावर काय लटकतंय ते आधी बघायचं असतं. नाहीतर मी आज इथे बसलो नसतो."

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांचाही मला संशय येतो. मी म्हटलं, "बसा," आणि फडताळावरची कुंडी आणून टीपॉयवर ठेवली. सोबत माझा काटे काढायचा चिमटा.

चिंगीचा चेहरा उतरला. "ताई, राहू दे ना."

"का राहू दे? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी चिमट्याने फूल धरलं आणि ओढलं. ते आलं, पण सहज आलं नाही. खाली गोंदाचा पिवळट गोळा, त्याला निवडुंगाचे दोन काटे चिकटलेले. मी तो गोळा लिफ्टवाल्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

त्याने फूल हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी उमटली, खरीखुरी, समजत नाही तेव्हा उमटते तशी. मग त्याची नजर चिंगीकडे गेली. तिच्या चेहऱ्यावर नव्हे, बोटावरच्या पट्टीवर. आठी निघून गेली.

"हो ताई," तो शांतपणे म्हणाला. "चूक माझीच. नर्सरीवाल्याने चिकटवूनच दिलं होतं. मला दिसलं होतं. छान दिसतंय म्हणून गप्प बसलो."

मी जिंकले. इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते वाक्य माझ्या घरात, माझ्या टीपॉयवर पडलं होतं. आणि तरीही माझ्या मनात ती मेली पाल पुन्हा चुकचुकली. चेकरच्या टेबलाशी इतकी वर्षं उभी आहे मी. एकाही शिवणारीने पहिल्या फटक्यात चूक कबूल केलेली नाही. मशीनला दोष देतील, दोऱ्याला देतील, शेजारणीला देतील, शेवटी माझ्या चष्म्याला देतील. एवढ्या लगेच 'माझंच चुकलं' म्हणतो तो दुसऱ्या कुणाची तरी चूक अंगावर घेत असतो.

"खोटं बोलतायत ते," चिंगी म्हणाली.

"तू थांब," तो म्हणाला.

"नाही थांबणार." ती उठली, खोलीत गेली आणि काड्यापेटी घेऊन आली. पेटी उघडून माझ्यासमोर धरली. आत कापसावर एक सुकलेलं फूल होतं, पाकळ्या रेशमी आणि टोकदार, खाली इवलीशी लोकरी शेपटी. निवडुंगाचं फूल. मला ओळखायला क्षणही लागला नाही. आणि चिमट्याने काढलेलं ते दुसरं, कागदासारख्या करकरीत, बोथट पाकळ्यांचं. दोघांत काहीही साम्य नव्हतं. गुलाबी रंग सोडला तर काहीही नाही. पण पहिलं फूल मी नीट पाहिलंच नव्हतं. दारातून पाहिलं होतं, चष्मा कपाळावर, निकाल आधीच लावलेला.

"हे त्यांनी आणलेलं," चिंगी म्हणाली. "संध्याकाळी मिटायचं, सकाळी उघडायचं. मला वाटलं आजारी आहे. मग एक दिवस खिडकी पुसताना धक्का लागला आणि हातात आलं. देठासकट. तू म्हणाली होतीस तसंच."

"अगं, पण ते तर..."

"मी काय सांगणार होते तुला? ताई, फूल हातात आलं, पण चिकटवलेलं नव्हतं? ऐकलं असतंस?" तिचा आवाज चढला होता. माझ्यासमोर तिचा आवाज कधी चढत नाही. "दुकानातलं वाळकं फूल आणलं. पॅकिंगच्या गरम गोंदाच्या पिस्तुलाने चिकटवलं. बोट भाजलं. आणि नर्सरीचं नाहीये ते झाड. लिफ्टच्या मशीनरूमच्या खिडकीत त्यांनी स्वतः वाढवलंय, नखाएवढं होतं तेव्हापासून. हे त्याचं पहिलं फूल होतं. ते सांगत होते त्या दिवशी. तू सांगू दिलं नाहीस."

लिफ्टवाला खाली बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या घरात खाली बघत होता.

"खरं फूलसुद्धा गळतंच, चिंगे," मी म्हटलं. "चार-पाच दिवसांत. सगळीच गळतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

याचं उत्तर मला येत होतं. चिकटवलेलं असतं तरी फूल हातात आलं असतं आणि खरं असतं तरी आलं असतं. मी अशी परीक्षा लावली होती की त्यात तो पास होणारच नव्हता. ते फूल खरं असायला मला नको होतं. विमावाला खोटा निघाला तेव्हा चिंगी रडली होती, पण माझ्याजवळ, माझ्या मांडीवर रडली होती. हा खरा निघाला तर ती हसत हसत जिना उतरणार होती, आणि संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर दार उघडायला कोणी नसणार होतं. एवढं साधं होतं ते. पण यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघेना.

"मी कधी खोटं बोलत नाही तुझ्याशी," चिंगी म्हणाली. आता ती रडत होती, पण माझ्याजवळ आली नाही. "या एका गोष्टीत बोलले. तुझ्या भीतीने, ताई. तुला खोटं लगेच दिसतं ना? मग ही भीती कशी दिसली नाही इतकी वर्षं?"

त्या खोलीत कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं. मी आतून शिवणाची बारीक सुई आणली, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि निवडुंगाच्या डोक्यावर उरलेला गोंद कडेकडेने सोडवायला बसले. गरम गोंदाने शेंडा करपला होता, बोटाच्या पेराएवढा तपकिरी चट्टा पडला होता. शेंड्यातूनच हे झाड वाढतं. लिफ्टवाला वाकून बघत होता. त्याने हात पुढे केला नाही, मला शिकवलंही नाही. मी सुई चुकले तेव्हा फक्त कुंडी जरा वळवून उजेडाकडे केली.

गोंद निघाला. मी सुई ठेवली. "चहा राहिलाच," मी म्हटलं. मग उठता उठता, "आणि कॅलेंडर त्या दाराच्या मागे आहे. तारीख बघा तुम्ही दोघं. मला फक्त आधी सांगा, सुट्टी टाकावी लागते."

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. आमचं स्वयंपाकघर एवढंसं, हॉलमधलं सगळं ऐकू येतं. जरा वेळाने चिंगी दाराशी आली. नाक लाल, हातात कुंडी.

"ताई, हे जगेल ना गं?"

तोंड उघडलंच होतं मी. चाळीस वर्षांची सवय. तिचं दप्तर, तिचा ताप, तिची नोकरी, सगळ्याबद्दल तिने मला असंच विचारलंय आणि मी सांगितलंय.

"ज्यांनी वाढवलंय त्यांना विचार," मी म्हटलं आणि चहात साखर घातली. दोनदा घातली, हे नंतर कळलं.

ती बाहेर गेली. तिने त्याला विचारलं. मी आधण उकळू दिलं आणि कान तिकडेच लावला. तो म्हणाला, महिनाभर पाण्याचा थेंब नको. चट्टा आपोआप सुकू दे, खरवडू नकोस. सकाळचं कोवळं ऊन दे, दुपारचं नको. शेंडा गेला म्हणजे झाड गेलं असं नाही, बाजूने पिल्लं फुटतील, पण वेळ लागेल, रोज उठून बघत बसू नकोस.

मी एकेक शब्द तपासला. चूक शोधली. सापडली नाही.